सोळाचा डाव

हिरव्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून एक ओळ छापली होती. डीलरनं सतरावर थांबलंच पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर भाचा मला हट्टानं घेऊन गेला होता. तो आणि सूनबाई यंत्रांच्या लखलखाटात शिरले आणि मी ब्लॅकजॅकच्या टेबलामागं उभी राहून ती एक ओळ वाचत राहिले. टेबलावर एक तिशीतला मुलगा बसला होता. त्याच्याकडे एक दश्शी आणि एक छक्की, म्हणजे सोळा. समोर डीलरची राणी उघडी. त्यानं मुठीतला पत्त्याएवढा एक पुठ्ठा हळूच पाहिला. त्यावर बारीक चौकोनांचा रंगीत तक्ता होता. मग त्यानं बोट टेबलावर टेकवलं, पान मागितलं. आली नव्वी. डाव जळला. पण तो हळहळला नाही, पुढची चकती सरकवली. पुठ्ठ्यानं सांगितलं होतं तेच त्यानं केलं होतं.

तो पुठ्ठा कुणी लिहिला, हे शोधण्यात माझा पुढचा सगळा पावसाळा गेला.

मला त्याचं एवढं का वाटलं, तेही सांगते. १९७२ साली पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात संख्याशास्त्र विभागात मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्या हुद्द्याचं नाव ‘संगणक’ होतं. यंत्राचं नव्हे, माणसाचं. नेमणुकीच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. हॉलमध्ये आम्ही चौदा जणी आणि सहा जण. प्रत्येकाच्या टेबलावर फॅसिटचं यंत्र. आकडे दाबायचे आणि दांडा फिरवायचा. पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी. भागाकारात एक फेरा जास्त झाला की घंटी वाजायची, मग एक फेरा परत. संध्याकाळी घरी आल्यावर उजव्या मनगटात तो दांडा फिरतच राहायचा. पुढं खरा संगणक आला आणि आमच्या हुद्द्याचं नाव त्यानं घेतलं. त्यामुळं कुठलाही तयार तक्ता पाहिला की याच्यामागं कुणाचं मनगट दुखलं असेल, हाच विचार माझ्या मनात आधी येतो.

ब्लॅकजॅक मला नवा नव्हता. वाईच्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी आम्ही पोरं माजघरात ‘एकवीस’ खेळायचो. पैशांऐवजी चिंचोके. वाटणारी कायम आत्या. गुलाम, राणी, राजा यांचे दहा-दहा. एक्क्याचा एक किंवा अकरा, ज्याच्या त्याच्या सोयीनं. बाकीच्या पानांवर जेवढे ठिपके तेवढे गुण. दोन पानं मिळायची, हवी तर आणखी मागायची. एकवीसच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं, पण बावीस झाले की जळलात. मग चिंचोके आत्याच्या ओच्यात. कॅसिनोत खेळतात तो खेळ मुळात हाच. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं की तो ब्लॅकजॅक. त्याला चांगल्या टेबलावर दोनास तीन या दरानं पैसे मिळतात. एकसारखी दोन पानं आली तर आणखी तेवढेच पैसे लावून दोन डाव करता येतात. किंवा रक्कम दुप्पट करून एकच पान घेता येतं. नियम इथंच संपतात. दहा वर्षांचं पोर अर्ध्या तासात शिकेल.

पण आत्याच्या एकवीसमध्ये आणि बोटीवरच्या एकवीसमध्ये एक फरक होता, आणि तो त्या छापील ओळीत होता. आत्या मोकळी होती. ती पंधरावर थांबायची, कधी अठरावर असूनही पान ओढायची. आमची तोंडं वाचायची. कोण ओठ चावतंय, कोण चिंचोके मुठीत दडवतंय, ते पाहून ठरवायची. तिच्याविरुद्ध हिशेब मांडणं शक्यच नव्हतं, कारण तिचं मन कुठल्याच गणितात बसत नव्हतं. बोटीवरच्या डीलर मुलीला मात्र मनच वापरायचं नव्हतं. सोळापर्यंत पान घ्यायचं, सतरा झाले की थांबायचं. समोर कुणीही बसो, कितीही लावो. म्हणजे तिच्या बाजूचा सगळा डाव आधीच ठरलेला असतो, फक्त पानं यायची बाकी असतात. आणि जे ठरलेलं आहे ते मोजता येतं.

नेमकं हेच १९५३ साली अमेरिकेत एका सैनिकाच्या लक्षात आलं.

तोवर हा खेळ साडेतीनशे वर्षांचा झाला होता. स्पेनच्या सर्वांतेसनं १६१३ साली छापलेल्या आपल्या गोष्टींच्या संग्रहात दोन भुरट्या पोरांची गोष्ट आहे, त्यातल्या एकाला ‘व्हेंतिउना’ म्हणजे एकवीस या खेळात हातचलाखी येते. फ्रान्समध्ये तो ‘व्हँतेअँ’ झाला, आणि सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियनही तो खेळत असे. अमेरिकेत गेल्यावर त्याचं नाव ब्लॅकजॅक पडलं. १९३१ साली नेवाडा राज्यानं जुगार कायदेशीर केला आणि या खेळाला पक्कं घर मिळालं. एवढ्या काळात लाखो लोक सोळावर अडखळले असतील. घ्यावं की थांबावं? उत्तरं पुष्कळ होती, पण ती सगळी अनुभवी माणसांची मतं होती. पत्त्यांवर पुस्तकं लिहिणाऱ्या तज्ज्ञांची मतंही तशीच. मोजून कुणीच पाहिलं नव्हतं.

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात चेसापीक उपसागराच्या काठावर ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड नावाचं लष्करी ठाणं आहे. १९१७ पासून तिथं तोफा आणि दारूगोळा तपासतात. तिथल्या बराकीत रात्री पत्त्यांचा डाव रंगला होता. वाटणाऱ्यानं खेळ निवडायचा असा शिरस्ता, आणि वाटणाऱ्यानं ब्लॅकजॅक निवडला. बोलता बोलता कुणीतरी सांगितलं की लास व्हेगासमध्ये वाटणाऱ्याला स्वतःच्या मर्जीनं खेळता येत नाही. सोळावर घ्यावंच लागतं, सतरावर थांबावंच लागतं. रॉजर बाल्डविन नावाचा एक साधा शिपाई तिथं होता, पण कोलंबिया विद्यापीठात गणितात एम. ए. झालेला. हे ऐकल्यावर त्याच्या मनात आलं की असं असेल तर या खेळातली सर्वांत चांगली चाल आकडेमोडीनं काढता येईल. त्यानं सार्जंट विल्बर्ट कँटीला गाठलं, कारण ठाण्यावरची हिशेबयंत्रं कँटीच्या विभागात होती. हर्बर्ट मायसेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे आणखी दोघं येऊन मिळाले. कामाचे तास संपले की संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी चौघं त्या यंत्रांपाशी बसत. असं दीड वर्षभर चाललं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या हॉलमध्ये काम संपल्यावर यंत्राला हात लावायची इच्छा कुणालाही होत नसे. हे चौघं दिवसभर तोफखान्याची कामं करून रात्री पुन्हा त्याच यंत्रांपाशी बसत होते. त्यासाठी पगार नाही की बढती नाही, कुणी सांगितलेलंही नाही. एका खेळाचं खरं उत्तर काय, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि त्याच ठाण्यावर तेव्हा एनियॅक होतं. अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्युम ट्यूबांचं, तीस टन वजनाचं ते अजस्र यंत्र १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलं आणि १९४७ मध्ये ॲबर्डीनला हलवलं गेलं. तोफगोळ्याच्या वाटेचे तक्ते करण्यासाठीच ते बांधलं होतं. एका गोळ्याच्या साठ सेकंदांच्या उड्डाणाचा हिशेब टेबलावरच्या यंत्रावर करायला माणसाला वीसेक तास लागत, ते एनियॅक अर्ध्या मिनिटात करायचं. आधी ते वीस तास कुणाचे होते? बहुतेक तरुण मुलींचे. युद्धाच्या काळात ॲबर्डीनच्या प्रयोगशाळेसाठी हे तक्ते मोजणाऱ्या त्या मुलींच्या हुद्द्याचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. म्हणजे संगणक. माझाच हुद्दा! त्यांच्यातल्याच सहा जणींनी पुढं एनियॅकला काम शिकवलं: कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, बेटी जीन जेनिंग्ज, एलिझाबेथ स्नायडर, रूथ लिक्टरमन आणि मार्लिन वेस्कॉफ. ही नावं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुष्कळ वर्षं त्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत.

एवढं यंत्र शेजारी असताना या चौघांनी मात्र टेबलावरची हिशेबयंत्रं वापरली. ऑक्टोबर १९५५ मध्ये एनियॅक कायमचं बंद झालं, आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी, सप्टेंबर १९५६ मध्ये, ‘जर्नल ऑफ द अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन’मध्ये चौघांचा लेख छापून आला. नाव ‘द ऑप्टिमम स्ट्रॅटेजी इन ब्लॅकजॅक’. जेमतेम अकरा पानांचा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्याची प्रत मला मिळवून दिली. अकरा पानांमागं दीड वर्षाच्या रात्री आहेत, हे त्या मोजक्या, कोरड्या भाषेत कुठंही जाणवत नाही.

त्यांनी केलं काय, ते सोळाच्याच डावावर सांगते.

तुमच्याकडे सोळा आहेत. एक पान मागितलं तर एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी यांपैकी काही आलं तरच वाचाल. तेरा प्रकारच्या पानांतले पाच तारणारे, आठ जाळणारे. म्हणजे शंभरात साधारण बासष्ट वेळा तिथल्या तिथं हरलात. सरळ दिसतं की थांबावं. माझ्या आत्यासमोर मी कायम थांबायचे. पण थांबल्यावर काय होतं? सोळावर थांबलेला माणूस जिंकतो तो एकाच वाटेनं, डीलर जळली तर. कारण ती जळली नाही तर तिचे निदान सतरा होणारच, नियमच तसा आहे. म्हणून खरा प्रश्न स्वतःच्या पानांचा नाहीच. तिच्या उघड्या पानावरून ती कितीदा जळेल, हा प्रश्न आहे.

आणि हे तिच्या उघड्या पानागणिक किती बदलतं पाहा. तिची छक्की उघडी असेल तर ती शंभरात बेचाळीस वेळा जळते. पंजी असेल तरी जवळपास तेवढंच. एकच पाऊल पुढं टाकून सत्ती झाली की हा आकडा धाडकन सव्विसावर येतो, आणि दहाचं पान असेल तर बावीस-तेविसावर. सहा आणि सात यांच्यामध्ये जणू बांध घातलेला आहे. त्याचं कारणही सरळ आहे. कॅटमध्ये दर तेरा पानांत चार पानं दहाची. छक्कीखाली दहा असले तर तिचे सोळा होतात आणि तिला पान घ्यावंच लागतं. सत्तीखाली दहा असले तर सतरा होतात आणि ती सुखानं थांबते.

त्यामुळं डीलरची दुर्री ते छक्की उघडी असेल तर सोळावर थांबायचं. सत्ती किंवा त्याहून मोठं पान असेल तर काळजावर दगड ठेवून पान घ्यायचं. बोटीवरच्या त्या मुलानं राणीसमोर घेतलं ते म्हणूनच. आता यातली सूक्ष्म गोष्ट. आजच्या सहा-आठ कॅट एकत्र पिसलेल्या टेबलावर दहासमोर सोळा असताना थांबलात तरी रुपयामागं सरासरी चोपन्न पैसे जातात, घेतलंत तरी चोपन्नच्या आसपासच जातात. फरक एका पैशाचाही नाही, पण तो घेण्याच्या बाजूनं आहे. हा पैशापेक्षा कमी फरक अनुभवानं कुणाला कळला असता? आयुष्यभर खेळूनही कळला नसता. तो दिसण्यासाठी दांडा फिरवावा लागतो.

बाराचा डाव तर आणखी विलक्षण. बारावर जाळणारी पानं फक्त दहाचीच, तेरांत चार. कुणीही म्हणेल, बिनधास्त घ्या. पण डीलरची चौकी, पंजी किंवा छक्की उघडी असेल तर बारावरसुद्धा गप्प बसायचं, तिला जळू द्यायचं. त्या काळच्या जाणत्या खेळाडूंना हे वेड्यासारखं वाटलं असणार. तसंच अठ्ठ्यांच्या जोडीचं. दोन अठ्ठ्या म्हणजे तेच दळभद्री सोळा. त्या फोडून दोन स्वतंत्र डाव करायचे, समोर दहा असले तरी. आणि दहाच्या पानांची जोडी मात्र कधीच फोडायची नाही, वीस म्हणजे हातात आलेलं सोनं. अकरा झाले असतील तर रक्कम दुप्पट करून एक पान घ्यायचं. डीलरचा एक्का उघडा असताना ‘विमा’ देऊ करतात, तो घ्यायचा नाही. विम्याचे दुप्पट पैसे मिळतात खरे, पण तिच्या एक्क्याखाली दहा निघण्याची वेळ तिनांत एकपेक्षा कमी येते. बोटीवरच्या त्या पुठ्ठ्यावर हेच चौकोनाचौकोनांत भरलेलं होतं. चौघांच्या तक्त्यातल्या जवळजवळ सगळ्या चाली आजही तशाच आहेत.

डीलर खेळते तसंच आपणही खेळलं तर बरोबरी होईल, असं मला वाटलं होतं. तीही सोळावर घेते, मीही घेईन. हिशेब मांडल्यावर कळलं की तसं नाही. त्या नियमानं दोघंही शंभरात साधारण अठ्ठावीस वेळा जळतात. पण मी आधी जळते, आणि माझे पैसे तेव्हाच उचलले जातात. मागाहून ती जळली तरी ते परत येत नाहीत. अठ्ठावीस टक्क्यांचे अठ्ठावीस टक्के म्हणजे जवळजवळ आठ. ब्लॅकजॅकला जास्त दर मिळतो त्याचे सव्वादोन वजा केले तरी शंभरामागं साडेपाचांहून जास्त रुपये कॅसिनोकडे जातात. कॅसिनोची सगळी कमाई या एका गोष्टीवर उभी आहे की आधी खेळायचं ते तुम्ही. चौघांच्या चालीनं खेळलं तर हा तोटा शेकडा ०.६२ वर येतो, असं त्यांनी काढलं. पुढं संगणकावर पुन्हा मोजलं तेव्हा तो त्याहूनही कमी निघाला.

कमी झाला, संपला नाही. हे मला ठळकपणे लिहायचं आहे, कारण पुठ्ठा हातात आला म्हणजे पैसा हातात आला असं समजणारी पोरं मी त्या बोटीवर पाहिली. या चालीनं खेळणारा माणूसही हळूहळू हरतच असतो. शिवाय दोनास तीनऐवजी पाचास सहा दर देणारी टेबलं आता निघाली आहेत, त्या एका बदलानं तोटा शेकडा सुमारे १.४ नं वाढतो. त्या मुलाच्या टेबलावर कुठला दर होता ते मी पाहिलं नाही, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. सांगायला हवं होतं.

लेखातून पैसा मात्र दुसऱ्यालाच दिसला. एडवर्ड थॉर्प हा लॉस एंजलिसमधला तरुण गणिती १९५८ च्या नाताळात बायकोबरोबर लास व्हेगासला निघाला होता. सहकाऱ्यानं त्याला या लेखाची माहिती दिली. थॉर्पनं चाली एका छोट्या कार्डावर उतरवून घेतल्या आणि दहा डॉलर घेऊन टेबलावर बसला. कॅसिनोत नेलेला पुठ्ठा तो हाच, सगळ्या पुठ्ठ्यांचा आजा. साडेआठ डॉलर हरून तो उठला. पण परतल्यावर त्यानं बाल्डविनला पत्र लिहून मूळ आकडेमोड मागितली, आणि बाल्डविननं हिशेबाच्या वह्यांचं खोकं पाठवून दिलं. न मोजता, न लपवता. पुढं एमआयटीत गेल्यावर थॉर्पनं आयबीएम ७०४ संगणकावर तो हिशेब पुढं नेला. वापरून झालेली पानं कॅटमध्ये परत येत नाहीत, तेव्हा काय गेलं हे लक्षात ठेवलं तर उरलेल्या कॅटचं पारडं कुठं झुकलं आहे ते कळतं, हे त्यानं सिद्ध केलं. पंज्या निघून गेल्या की खेळणाऱ्याचं भलं, दहाची पानं निघून गेली की कॅसिनोचं. १९६१ मध्ये त्याचा शोधनिबंध आला, १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं. ते इतकं खपलं की १९६४ साली लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम बदलले, आणि गिऱ्हाईक रोडावल्यावर काही आठवड्यांत पुन्हा पूर्ववत केले. थॉर्पची कीर्ती झाली ती योग्यच झाली. चौघांचंही १९५७ साली एक छोटं पुस्तक निघालं होतं. फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मायसेल पुढं जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवू लागले. २००८ मध्ये, लेखानंतर बावन्न वर्षांनी, ब्लॅकजॅकच्या मानकऱ्यांत चौघांची नावं घेतली गेली.

मोजणं आणि जुगार यांचं नातं आपल्याला नवं नाही. महाभारतातल्या नलोपाख्यानात सारथी होऊन राहिलेला नल ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण रथातूनच त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नलाला खरं वाटत नाही, तो रथ थांबवून मोजतो. राजाचा आकडा बरोबर निघतो. कसं जमलं असं विचारल्यावर ऋतुपर्ण म्हणतो की मला फाशांचं मर्म कळतं, म्हणून मोजण्याचंही कळतं. ते अक्षहृदय तो अश्वविद्येच्या बदल्यात नलाला देतो. विद्या मिळताक्षणी नलाच्या अंगातून कली बाहेर पडतो. लहानपणी ऐकताना मला हे कधी उमगलं नव्हतं की झाड बेहड्याचंच का. फासे बेहड्याच्या फळांचे असत, म्हणून. राज्य ज्या फळांनी घालवलं, त्याच फळांच्या झाडाखाली थांबून नलाला ती मोजावी लागली.

आपल्याकडे या खेळाची बाकी हकिगत थोडकी. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली आणि १९९६ च्या दुरुस्तीनं पाण्यावरच्या जहाजांत पत्त्यांची टेबलं. महाराष्ट्रानंही १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून वाईचं एकवीस चिंचोक्यांवर राहिलं आणि ब्लॅकजॅक पाहायला मला मांडवीवर जावं लागलं.

परत आल्यावर मी जुन्या बाजारातून एक फॅसिट विकत आणलं. दुकानदारानं वजनावर दिलं. दांडा गंजला होता. शिलाई यंत्राचं तेल आठवडाभर सोडल्यावर फिरला. घंटी मात्र पहिल्याच दिवशी वाजली. मग मी चौघांच्या हिशेबातला एकच कोपरा हातानं करायचं ठरवलं. डीलरची छक्की उघडी आहे, पुढं काय काय होऊ शकतं. सोपं व्हावं म्हणून पानं कितीही काढली तरी कॅट तसाच राहतो असं धरलं. प्रत्येक पानाची शक्यता तेरात एक, दहाच्या पानांची तेरात चार. छक्कीनंतर दुर्री आली तर आठ, मग पुन्हा तेरा फाटे, त्या प्रत्येकाला पुन्हा फाटे. चौघांनी तर खऱ्या कॅटमधून गेलेली पानं बऱ्याच ठिकाणी हिशेबात धरली होती. मी सोपा रस्ता घेऊनही अकरा संध्याकाळी लागल्या. भाच्याची मुलगी शेजारी बसून आकडे वहीत उतरवायची. तिच्या फोनमध्ये हे सगळं एका सेकंदात होतं हे तिला माहीत होतं, तरी ती रोज यायची.

शेवटी सतरा ते एकवीस आणि जळणं, अशा सहा शक्यतांची बेरीज केली. ती एक यायला हवी. आली ०.९२३१.

आमच्या हॉलमध्ये शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे चुकीच्या आकड्याला आधी नीट पाहायचं. तो स्वतःच सांगतो कुठं चुकलं ते. एकातून वजा केलं, ०.०७६९ उरले. मी पोरीला म्हटलं, एकाला तेरानं भाग. तिनं दांडा फिरवला, घंटी वाजली, एक फेरा मागं घेतला. ०.०७६९. म्हणजे तेरांतलं एक पान आम्ही पूर्ण विसरलो होतो. वही उलटी चाळत पहिल्या पानावर गेलो. छक्कीच्या पुढं दुर्रीपासून राजापर्यंत सगळे फाटे होते, एक्क्याचा नव्हता. छक्की आणि अकराचा एक्का म्हणजे सतरा. डीलर तिथंच थांबते, पुढं फाटे नाहीत, म्हणून तो काढायचाच राहून गेला होता. ते ०.०७६९ सतराच्या रकान्यात घातले. सतरा ०.१६५४ झाले. जळण्याचा आकडा होता तोच राहिला, ०.४२३२.

बेचाळीस टक्के. पोरीनं लाल शाईनं त्याच्याभोवती चौकट काढली, नवीन पान उलटलं आणि वर लिहिलं: सत्ती.